शब्दकोडं अडलं? आधी विचारा, हा शब्द कुणाच्या घरचा

रविवारची पुरवणी उघडावी, चहाचा कप बाजूला ठेवावा, पेन्सिलीला टोक काढावं आणि पहिल्याच ओळीत ‘कुंभाराची भट्टी’ दोन अक्षरांत मागावी! भट्टी हा शब्दही दोनच अक्षरांचा, पण तो तर प्रश्नातच वापरलेला. पुढे ‘चार आणे’, ‘विदर्भातली कोथिंबीर’, ‘शिवकाळातला परराष्ट्रमंत्री’, ‘गल्लीतले एक लाख’. चहा निवतो आणि कोडं तसंच कोरं राहतं.

माझं असं बरीच वर्षं झालं. आपली मराठी कच्ची आहे असंच वाटायचं. हळूहळू लक्षात आलं की हे शब्द अवघड नाहीत, ते फक्त आपल्या घरात बोलले जात नाहीत. कुठल्या तरी कुंभाराच्या, सराफाच्या, कारकुनाच्या किंवा मालवणातल्या आजीच्या तोंडी ते रोजचे आहेत. म्हणून अडलं की मी शब्द आठवत बसत नाही. हा शब्द कुणाच्या तोंडचा असेल ते आधी ठरवते. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या निम्म्याची रीत खाली देते.

पायरी १: घरं मोजायला शिका

आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं ते २६ अक्षरांच्या लिपीसाठी. मराठीत आल्यावर खेळाचा स्वभाव बदलला, कारण आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. ‘ज्ञानेश्वर’ची चार घरं: ज्ञा, ने, श्व, र. ‘स्वच्छ’ची फक्त दोन. ‘स्टेशन’ची तीन.

याचा मोठा फायदा आहे. इंग्रजी कोड्यात छेद देणाऱ्या शब्दाकडून एक सुटं अक्षर मिळतं, आपल्याला व्यंजन आणि स्वर दोन्ही मिळतात. तीन घरांच्या शब्दात एक घर भरलं की शब्द बराचसा हाती आला.

ऱ्हस्व-दीर्घाचा मामला मात्र प्रत्येक कोडंकाराचा वेगळा. कुणी आडव्यात ‘नि’ आणि उभ्यात ‘नी’ खपवून घेतो, कुणी अजिबात नाही. म्हणून नवीन कोडं धरलं की मागच्या आठवड्याचं उत्तर समोर ठेवून पाच मिनिटं बघा. माणूस कडक आहे की सैल, संस्कृताकडे झुकणारा आहे की शेताकडे, ते तिथे कळतं. एकच कोडंकार वर्षानुवर्षं कोडं देत असेल तर त्याचे लाडके वीसेक शब्द फिरून फिरून येतातच.

पायरी २: शब्द माहीत नसताना शेपूट लिहा

ही युक्ती नवख्यांना कुणी सांगत नाही. प्रश्न क्रियेचा असेल तर उत्तर ‘णे’ने संपणार. ‘सुपातून धान्य साफ करणे’ (४ घरं) वाचलं की शेवटच्या घरात फिकट पेन्सिलीने ‘णे’ लिहून टाका. ‘पाखडणे’ नंतर आठवेल. ‘वाऱ्यावर धान्य साफ करणे’ असेल तर ‘उफणणे’. घरं तेवढीच, शेपूटही तेच.

शिवकालीन किंवा पेशवाईतला लेखनिक विचारला असेल तर शेवटी ‘नीस’ किंवा ‘णीस’ येण्याची शक्यता मोठी. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, त्याचंच हे मराठी रूप: चिटणीस, फडणीस, सबनीस, वाकनीस. ‘न’ की ‘ण’ हे छेद देणारा शब्द ठरवील.

याच्या उलट सुरुवातीचा नियम. जैनांचा णमोकार सोडला तर मराठी शब्द ‘ण’ने सुरू होत नाही आणि ‘ळ’ने तर मुळीच नाही. म्हणजे तुमच्या उभ्या शब्दाचं शेवटचं अक्षर ‘ण’ असेल आणि त्याच घरातून आडवा शब्द सुरू होत असेल, तर तुमचा उभा शब्द चुकलाय. खोडरबर घ्या. पुढचा विचार नंतर.

पायरी ३: एक कोपरा सोडवून बघू

नऊ घरांचा चौकोन घ्या, मधलं घर काळं. चार शब्द, प्रत्येकी तीन घरं.

आडवे: १. निष्ठेने चाकरी करणारा. ३. विहिरीवरचं चाक.
उभे: १. पेरणीचं औजार. २. दार.

शहरातला माणूस काय करेल? चाकरी करणारा म्हणून ‘सेवक’ लिहील. पेरणीचं औजार म्हणून ‘तिफण’, कारण तेवढंच कानावरून गेलेलं असतं. दार म्हणजे ‘कवाड’. तिन्ही उत्तरं अर्थाने बरोबर, तिन्हींची घरंही तीन, आणि तिन्ही चूक!

आता एकेक तपासा. ‘तिफण’ लिहिलं तर डाव्या खालच्या घरात ‘ण’ येतो आणि तिथूनच ‘विहिरीवरचं चाक’ सुरू होतं. पायरी २ आठवा. तिफण गेली. ‘सेवक’ आणि ‘तिफण’ यांचं पहिलं घरही एकच आहे, आणि त्यात ‘से’ आणि ‘ति’ दोन्ही बसवता येत नाहीत, हे तर उघडच.

आता चारांतला सर्वांत पक्का शब्द शोधा. विहिरीवरचं चाक. आपण विहीर पाहिलेली नसेल, पण ‘संसाराचं रहाटगाडगं’ तर रोज म्हणतो. तोच हा ‘रहाट’. तो खालच्या ओळीत भरला की दोन गोष्टी एकदम होतात. पेरणीचं औजार ‘र’ने संपतं हे कळतं, आणि दार ‘ट’ने. म्हणजे कवाड बाद. तीन घरांचं, ‘ट’ने संपणारं दार? केदारनाथाचं दार उघडल्याची बातमी दरवर्षी येते, तिच्यात असतो तो शब्द: ‘कपाट’. संस्कृतात कपाट म्हणजे दरवाजाची फळी. आपण त्याची आलमारी केली.

कपाटाचा ‘क’ वरच्या ओळीत शेवटी आला. तो ‘सेवक’लाही चालतो, म्हणून इथे घाई नको. निष्ठेने चाकरी करणारा, ‘क’ने संपणारा दुसरा कोण? ‘स्वातंत्र्याचे पाईक’ हे आपण भाषणात ऐकतो. पाईक म्हणजे मुळात पायदळाचा शिपाई. तो घातला की पहिल्या घरात ‘पा’ येतो आणि पेरणीचं औजार ‘पा-र’ असं मधलं एकच घर रिकामं ठेवून समोर उभं राहतं. आता शब्दकोश उघडला तरी लाज नाही: ‘पाभर’.

पा ई क
भ ■ पा
र हा ट

तिफण म्हणजे तीन फणांची पाभरच. कुठे हा शब्द चालतो, कुठे तो. ज्याच्या घरी शेती आहे त्याला यात काहीच कोडं नाही. आपल्याला मात्र ‘पाभर’ शेवटी मिळाली आणि तीही तिच्या शेजाऱ्यांनी हाताला धरून आणून दिली. अनोळखी शब्दावर सरळ चाल करू नका, त्याच्या आजूबाजूचे ओळखीचे शब्द आधी भरा.

पायरी ४: अनोळखी शब्दाचं घराणं ओळखा

इथे थोडा वेळ थांबते, कारण खरी अडचण इथेच असते. कोड्यांत पुन्हापुन्हा भेटणारी घराणी सात-आठच आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही, नुसती तोंडओळख पुरते.

*बलुतेदारांची हत्यारं.* कोडंकाराला हे शब्द फार प्रिय, कारण ते दोन घरांचे असतात आणि कोपऱ्यात छान बसतात. कुंभाराची भट्टी म्हणजे आवा. लोहाराचा भाता. चांभाराची आरी आणि रापी. विणकराचा माग आणि त्यात धावणारा धोटा. ऐरण आणि रंधा अधूनमधून. सुतार दिसला की वाकस आठवून ठेवा, तासायचं हत्यार, तीन घरं.

*जुनं चलन.* दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ला आली, त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. चवली आणि पावली यांची शेवटची दोन्ही घरं सारखी, म्हणून पहिलं घर छेदातून मिळेपर्यंत आकड्यावर नजर ठेवा. ‘चार आणे’ वाचून ‘च’वर उडी मारणारे बरेच असतात. मीही मारली होती.

*जुनी मापं.* इथे एकच सूत्र: खालून वर दुप्पट होत जायचं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पायलीच्या वर मात्र मुलखागणिक हिशेब बदलतो, तेव्हा मणाबद्दल कोडंकाराशी वाद घालू नका. वीस मणांची खंडी, एवढं धरून चाला.

*दरबार.* शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, फारसी पदनामांना संस्कृत नावं दिली गेली आणि राज्यव्यवहारकोशही त्याच काळातला. कोडंकारांसाठी ती सोन्याची खाण. जोड्या अशा: पेशवा–पंतप्रधान, मुजुमदार–अमात्य, सुरनीस–सचिव, वाकनीस–मंत्री, सरनौबत–सेनापती, डबीर–सुमंत. हा डबीर किंवा सुमंत म्हणजे परराष्ट्रव्यवहार पाहणारा. पंचाईत अशी की दोघांचीही घरं तीनच. प्रश्नात फारसी वळण आहे की संस्कृत, ते बघून ठरवायचं.

*दागिने.* प्रश्नात अवयव असतोच, त्यावरून जा. गळा म्हटलं आणि दोन घरं असली तर ठुशी, चार असली तर वज्रटीक, चिंचपेटी किंवा बोरमाळ. दंडाला वाकी. कानाला कुडी, बुगडी. ‘पुरुषाच्या कानातला दागिना’ म्हटलं की भिकबाळी, दुसरं काही शोधू नका. आईचा किंवा आजीचा दागिन्यांचा डबा एकदा उघडून बसा आणि एकेकाचं नाव विचारा. यात शब्दकोशापेक्षा जास्त मिळतं, वर प्रत्येक दागिन्याची भांडणंही ऐकायला मिळतात.

*संस्कृत.* हे घराणं भीतीदायक दिसतं, प्रत्यक्षात सगळ्यांत सोपं, कारण शब्द घरीच बनवता येतात. पाण्याचे चार-पाच शब्द घ्या: जल, नीर, अंबु, तोय, वारि. पुढे ‘ज’ लावला की कमळ (जलज, नीरज, अंबुज), ‘द’ लावला की ढग (जलद, नीरद, अंबुद, तोयद), ‘धी’ लावला की समुद्र (जलधी, अंबुधी, वारिधी). ढग विचारलाय, तीन घरं आहेत, तर शेवटी ‘द’ लिहा आणि छेदाची वाट बघा.

*व्यापाऱ्यांची गुप्त भाषा.* क्वचितच येते, पण आली की सगळ्यांना झोपवते. गिऱ्हाइकासमोर भाव बोलता यावा म्हणून जुन्या व्यापाऱ्यांनी आकड्यांना वेगळी नावं ठेवली होती, तिला नंदभाषा म्हणतात. त्यात तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगुळू. अंगुळू बोटांवरून सहज लक्षात राहतो. बाकीचे मलाही पाठ नाहीत.

पायरी ५: बोलीचा शब्द असेल तर तालुका विचारा

बोलीतले शब्द दोन प्रकारे फसवतात. एक म्हणजे तोच शब्द तुमच्या घरी वेगळ्या अर्थाने नांदत असतो. ‘विदर्भातली कोथिंबीर’ म्हणजे सांबार. पुण्या-मुंबईचा माणूस इडलीबरोबरचं सांबार सोडून दुसरा विचारच करत नाही. तिकडचंच ‘गंज’ म्हणजे पातेलं, आपल्याकडे तो लोखंडाला चढतो.

दुसरा प्रकार जास्त वाईट: अर्धवट माहीत असलेला शब्द. एका दिवाळी अंकातल्या बक्षिसाच्या कोड्यात आडवा प्रश्न होता ‘खडकाची होते ती’, दोन घरं, आणि त्याच पहिल्या घरातून खाली ‘मालवणी मुलगा’, तोही दोन घरं. मी आधी ‘झीज’ लिहिलं. मग उभ्या शब्दाची सुरुवात ‘झी’ने होते हे पाहून हसले. झीने काय सुरू होणार, दूरदर्शनची वाहिनी? एका गोवेकर मैत्रिणीच्या बोलण्यात ‘धूव’ ऐकलं होतं, काहीतरी लेकराशी संबंधित. मग ‘झीज’ खोडून ‘धूप’ केलं, जमिनीची धूप होते तशी खडकाचीही होत असेल म्हणून. उभा ‘धूव’, आडवा ‘धूप’. कोपरा इतका झकास जुळला की मी स्वतःवरच खूश.

पाकीट टाकल्यावर कुडाळच्या मावशींशी, म्हणजे माझ्या मावससासूबाईंशी, बोलताना सहज विषय निघाला.

“मावशी, मालवणीत मुलाला धूव म्हणतात ना?”

“धूव? गो, धूव म्हणजे चेडू, ती पण गोंयकारांची. आमचो तो झील. इतक्या म्हायत नाय तुका?”

चेडू म्हणजे मुलगी. बक्षीस गेलं. दोन्ही शब्द एकमेकांत नीट बसले म्हणजे दोन्ही बरोबर, असं नसतं, हे त्या दिवशी कळलं. दोन चुकाही एकमेकींना सांभाळून घेतात. तेव्हापासून छेदात बसलेला बोलीचा शब्द मी त्या मुलखातल्या माणसाला विचारल्याशिवाय शाईने लिहीत नाही. आणि विचारताना ‘कोकणात काय म्हणतात’ असं विचारत नाही, ‘कुडाळात काय म्हणतात’ असं विचारते.

पायरी ६: गल्लीचा शब्द असेल तर घरातल्या वस्तू आठवा

बोलीचा शब्द आपल्याला खरोखर माहीत नसतो. गल्लीच्या भाषेचं उलटं आहे: शब्द बहुतेक वेळा माहीत असतो, त्याची नोकरी बदललेली असते. मुंबईच्या गल्लीत पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी, घोडा म्हणजे पिस्तूल. सुपारी तर सांगायलाच नको. पुण्यात चौकातला वाहतूक पोलीस सगळ्यांचा मामा. ‘कट्टा’ म्हटलं तर गप्पांची जागाही आणि गावठी बनावटीचं हत्यारही.

म्हणून प्रश्नात अवतरणचिन्ह किंवा ‘गल्लीत’, ‘भाईच्या भाषेत’, ‘कॉलेजात’ असं काही दिसलं, तर भारी शब्द शोधू नका. घरातली वस्तू, जनावर, नातं असे साधे शब्द एकेक करून छेदात बसवून पाहा. दोन-तीन घरांत बसणारा सर्वांत निरुपद्रवी शब्द बहुधा उत्तर असतो.

यात एक त्रास आहे. कॉलेजची भाषा दर पाच वर्षांनी बदलते आणि कोडंकार बहुधा साठीचा असतो. त्याचं कॉलेज त्याच्याच काळातलं. आजच्या पोरांना विचारून उपयोग नाही, काकांना विचारा.

पायरी ७: शब्दकोश उलटा वाचा

शब्दकोश शब्दावरून अर्थ सांगतो, आपल्याला अर्थावरून शब्द हवा असतो. त्यावर उपाय आहे. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७) आणि दाते–कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमधले अर्थ इंग्रजीत असल्यामुळे शोध नुसत्या शब्दांत न घेता पूर्ण मजकुरात घ्यायचा आणि इंग्रजी अर्थ टाकायचा. विणकराच्या शटलचं इंग्रजी स्पेलिंग टाका, धोटा समोर येतो. मोल्सवर्थसाहेबाने आपल्या शेतातले, माजघरातले, बाजारातले शब्द इतक्या बारकाईने टिपलेत की कधी कधी कोडं बाजूला राहतं आणि तासभर तेच वाचत बसायला होतं.

दाते–कर्वे कोशाची मजा वेगळी. शब्दाजवळच कंसात तो कुठला ते दिलेलं असतं: (गो.) म्हणजे गोव्याकडचा, (कु.) कुडाळी, (व.) वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (राजा.) राजापुरी. मी हे आधी पाहिलं असतं तर धूव आणि झील यांच्यात गफलत झाली नसती. पण आधी बघायचं कुणाला सुचतं?

शोधताना ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून पाहा, आणि जुन्या लेखनातले अनुस्वारही. ‘गहू’ सापडला नाही तर ‘गहूं’.

पायरी ८: वही, आणि मग उत्तरं

उत्तरं छापून आली की चुकलेले शब्द नुसते वाचून पान उलटू नका. छोटी वही ठेवा आणि शब्दासमोर अर्थ लिहायच्या आधी तो कुणाचा ते लिहा: ‘आवा – कुंभार’, ‘रापी – चांभार’, ‘झील – कुडाळ’. पुढच्या वेळी प्रश्नात कुंभार आला की अख्खं पान डोळ्यांसमोर येतं. घरांच्या संख्येप्रमाणे पानं पाडली तर आणखी बरं, दोन घरांचं पान सगळ्यांत लवकर भरतं. माझी तिसरी वही चालू आहे आणि तिच्यात सांडलेल्या चहाचे डागही आहेत.

अडल्यावर किती वेळ झटायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा नियम: सकाळी एकदा, दुपारी जेवण झाल्यावर एकदा, आणि संध्याकाळी फोन. फोन अर्थात मावशींना. त्या प्रकरणानंतर त्यांनाही नाद लागलाय, कुडाळला पुरवणी दुपारी पोचली की त्यांचाच उलट फोन येतो. परवा आवाज दबका करून विचारत होत्या, काका शेजारीच बसले असावेत:

“गो, पेटी मोठी की खोको?”